पहिल्या गिअरमध्ये सापडलेली गाडी

१

एंगकुस शुक्रवारी सकाळी मेला आणि दुपारच्या नमाजाआधी चिलुमूर गावानं ठरवूनही टाकलं, की त्याला कोसिमनं मारलं.

कसं ठरवलं? सोपं आहे. एंगकुसची मोटरसायकल गुरुवारी दुपारपर्यंत कोसिमच्या गॅरेजात होती. गिअर नीट पडत नाहीत, ही तक्रार होती. शुक्रवारी सकाळी तीच गाडी उतार संपतो तिथं मागच्या चाकानं घसरली आणि चहाच्या मळ्यात पंधरा हात खाली गेली. पोलिसांनी गाडी वर ओढली तेव्हा मागचं चाक हलत नव्हतं. गिअर अडकला, पोरानं काम बिघडवलं, विषय संपला. चोवीस वर्षांचा कोसिम संध्याकाळी चौकीच्या कोठडीत होता. गरिबाला दोषी ठरवायला माणसांना दोन तासही लागत नाहीत.

रविवारी सकाळी गॅरेजच्या पत्र्याखाली त्याची बहीण निनिंग एका स्कूटरचं चाक काढत बसली होती. गॅरेज तिचं. तेरा वर्षांपूर्वी नवरा सोडून गेला तेव्हा मागे पान्यांची एक पेटी राहिली होती. त्या पेटीवर ती उघडून-जोडून, जोडून-उघडून शिकली आणि धाकट्या भावाला शिकवलं. बाईनं इंजिन उघडायचं, हे गावाला आवडत नसे. पण गावाला दुसरं गॅरेजही नव्हतं.

लाल पाटीची सरकारी मोटरसायकल समोर येऊन थांबली. ग्रामकार्यालयाचे सचिव सोबारी उतरले. मानानं त्यांना सगळे 'पा सोबारी' म्हणत. बाटिकचा इस्त्रीचा शर्ट, पायात काळे बूट, हातात कागद.

"निनिंग, हा समेटाचा कागद. आज संध्याकाळी एंगकुसची तिसऱ्या दिवसाची प्रार्थना आहे. ती झाली की सगळ्यांसमोर सही कर. मी स्टॅम्प आणतो."

"सही कसली?"

"चूक कबूल केल्याची. एंगकुसची बायको रुकोया माफ करेल, चौकीवाले कोसिमला सोडतील. तू मात्र हे गॅरेज बंद करायचं. लोकांच्या जिवाशी खेळ आता पुरे."

"आणि सही नाही केली तर?"

"तर उद्या सकाळी त्याला जिल्ह्याला नेतील. पाच वर्षं आत. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

निनिंगनं हात पुसले नाहीत. काळ्या बोटांनीच कागद घेतला, घडी केली आणि खिशात कोंबला. "पा सोबारी, गाडी कुणी उघडून बघितली का?"

"उघडून काय बघायचंय? माणूस मेलाय."

"म्हणूनच उघडायची. माणूस जिवंत असता तर त्यालाच विचारलं असतं."

सोबारींनी किक मारली आणि बुटाच्या टोकानं एकेक गिअर वर उचलत चढाला निघून गेले. निनिंगनं पान्यांची पेटी उचलली. सूर्यास्ताला अजून आठ तास होते.

२

चौकीचा हवालदार पा तातांग वाईट माणूस नव्हता, नुसता आळशी होता. असे लोक वाईट माणसांच्या फार उपयोगी पडतात.

"तेह, कागदावर सही करून टाक ना," तो भज्याचा घास घेत म्हणाला. तेह म्हणजे ताई; गावात बहुतेक सगळे तिला तसंच म्हणत. "मलाही त्या पोराला डांबून ठेवायची हौस नाही."

"तासभर गाडी उघडू दे. तुझ्यासमोर. कोसिमलाही बाहेर बसव."

"कोठडीतल्या माणसाला?"

"पळाला तर मला आत टाक."

तातांगला हसू आलं. त्यानं कुलूप काढलं. कोसिम बाहेर आला, अनवाणी, डोळे सुजलेले. बहिणीकडे बघायची त्याला हिंमत होईना.

"रडून झालं असेल तर सांग," निनिंग म्हणाली. "गुरुवारी काय काय केलंस? एकही पाना गाळू नकोस."

"एंगकुस म्हणाला, गिअर अर्धवट पडतो, पायाला झोल लागतो. मी ऑइल बदललं. क्लचच्या वायरीतला ढिलेपणा काढला. गिअरच्या दांडीचा बोल्ट सैल होता, तो आवळला. झोल गेला. त्यानं स्वतः चालवून बघितली, खूष झाला."

"आवळल्यावर लाली लावलीस?"

"लावली."

"लाली?" तातांगनं विचारलं.

"नेलपॉलिश," निनिंग म्हणाली. "आवळलेल्या प्रत्येक बोल्टवरून आम्ही लाल रेघ ओढतो, शाफ्टपासून दांडीपर्यंत. पुन्हा कुणी हात लावला तर रेघ तुटते. हसू नकोस, या गावात त्या बाटलीचा यापेक्षा बरा उपयोग कुणी केलेला नाही."

आधी तिनं मागचं चाक ढकललं. हलेना. तिनं गिअरचा लिव्हर हातानं वर उचलला. खट्. चाक गरागरा फिरलं.

तातांगचा हात भज्यांपाशीच थांबला. "अडकलं होतं ना?"

"अडकलं नव्हतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. तीन दिवस तुझ्या अंगणात उभी आहे आणि एकाही शहाण्यानं गिअर काढून बघितला नाही."

मग तिनं ऑइल काढलं. एका ताटलीत पसरून उन्हात धरलं. गिअरचा दात तुटला असता तर त्यात लोखंडाचा चुरा चमकला असता. ऑइल मधासारखं स्वच्छ होतं. तिनं एका बाजूचं झाकण उघडलं. खटक्याची स्प्रिंग शाबूत, गिअर फिरवणारी चांदणी शाबूत, क्लचच्या पट्ट्या शाबूत. एकेक गिअर हातानं टाकून बघितला. पाचही पडत होते, लोण्यात सुरी जावी तसे.

"गिअरबॉक्सला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मग उतारावरून पन्नासच्या वेगानं आलेल्या माणसानं पहिला गिअर का टाकला?"

ती गाडीच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसली. पायाखालचा लिव्हर एका सळईनं मागच्या छोट्या दांडीला जोडलेला होता आणि ती दांडी गिअरच्या शाफ्टवर, खाचांमध्ये घट्ट बसवलेली. चिखलानं भरलेल्या गाडीत तेवढा बोल्ट स्वच्छ होता. त्याच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे होते.

शाफ्टच्या टोकावर लाल रेघेचा अर्धा तुकडा होता, खालच्या बाजूला. दांडीवर दुसरा अर्धा होता, वरच्या बाजूला.

कोसिम वाकला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तेह, ही दांडी वर तोंड करून आहे."

"मग?"

"मी आवळली तेव्हा तिचं तोंड खाली होतं."

३

आता हे एवढं समजून घेतलं पाहिजे. चिलुमूरमध्ये जवळजवळ प्रत्येकाकडे बदकगाडी असते. तिला हातातला क्लच नाही, गिअर पायानं पुढे दाबत जायचे: पहिला दाबा, दुसरा दाबा, तिसरा दाबा. क्लचवाल्या मोठ्या गाडीचं वेगळं. तिच्यात पहिला खाली दाबायचा आणि पुढचे सगळे टोकानं वर उचलायचे. पण ती मागची छोटी दांडी उपटून अर्धा फेरा फिरवून बसवली, की सगळं उलटतं. मग पहिला तेवढा उचलायचा आणि बाकीचे दाबत जायचे. शर्यतीची पोरं असं करतात.

"म्हणजे एंगकुसची गाडी आधी उलटी होती," तातांग सावकाश म्हणाला, "आणि नंतर कुणीतरी सरळ केली."

"गुरुवारी दुपारनंतर."

"किंवा तुझ्या भावानंच केली. आधी लाली लावली, मग आठवण झाली, मग फिरवली. तेह, मला कळतंय तू काय म्हणतेस. पण नेलपॉलिशवर मी माणूस सोडू शकत नाही. कुणी केलं त्याचा चेहरा आण. संध्याकाळपर्यंत."

कोसिम पुन्हा आत गेला. कुलूप लागल्याचा आवाज निनिंगला रस्त्यापर्यंत ऐकू आला.

ती आधी हाजी ओदांगकडे गेली. जुन्या गाड्यांचा व्यापारी. एंगकुसनं तीन आठवड्यांपूर्वी गाडी त्याच्याकडूनच घेतली होती. हाजी दुकानाच्या सावलीत चहा पीत बसला होता. तिला बघताच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"गाडी एकदम मूळ अवस्थेत होती," तिनं काही विचारायच्या आत तो म्हणाला. "एकही बोल्ट इकडचा तिकडं नाही."

"मी बोल्टचं नावसुद्धा काढलं नाही, पा हाजी."

"तू बोल्टशिवाय कशाचं नाव काढतेस?"

"गिअर उलटे होते हे माहीत होतं तुम्हाला?"

हाजीनं चहा खाली ठेवला. आत बायको होती, त्यानं आवाज उतरवला. "मागचा मालक शर्यतीतला पोरगा होता. त्यानं फिरवलेले. मी सरळ करून विकणार होतो. एंगकुसनंच नको म्हणून सांगितलं. बावीस वर्षं बदक चालवलेला माणूस तो. म्हणाला, असंच राहू दे, माझ्या पायाला बरं पडतं. देवाशप्पथ."

"मग सकाळपासून गावभर गाडी मूळ अवस्थेत होती म्हणून का सांगताय?"

"कारण मेलेल्या माणसाची गाडी मी विकलीय, निनिंग! उद्या माझ्या दारात कोण येईल?"

"माझ्या दारात आज आलेत."

त्यानं चहाचा कप पुन्हा उचलला. लाजला असं वाटलं नाही. तिनं त्याच्या दारातल्या स्कूटरकडं नजर टाकली. तिला गिअरच नसतात. हा माणूस ती दांडी कशाला फिरवेल?

"फिरवून सरळ केलेली आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

हाजी ओदांगचं तोंड उघडंच राहिलं. "सरळ केलेली आहे?"

असलं आश्चर्य नाटकात जमत नाही. निनिंग उठली.

४

चढाच्या पायथ्याशी ओजेकवाल्यांचा बाक होता. भाड्यानं माणसं पोचवणारे मोटरसायकलवाले तिथं गिऱ्हाइकाची वाट बघत बसत. एंगकुसची जागा रिकामी होती आणि तिच्या शेजारी येयेप, सगळ्यांचा 'कांग' म्हणजे दादा, बसला होता. गेल्याच आठवड्यात एका प्रवाशावरून त्या दोघांची कॉलर धरेपर्यंत जुंपली होती.

"या, या," येयेप म्हणाला. "खुन्याची बहीण चौकशीला निघाली."

"कांग येयेप, गेल्या आठवड्यात तू त्याला म्हणाला होतास, तुझी गाडी दरीत जाईल. चाळीस लोकांनी ऐकलंय."

येयेप ताडकन उठला. "रागात म्हणालो! माणूस रागात काहीही म्हणतो!"

"आणि गाडी खरंच दरीत गेली."

"तेह, त्याला दरीतून वर कुणी आणलं, विचार ना! मी आणलं, या खांद्यावर!" त्याचे डोळे भरले आणि त्यामुळे तो आणखीच चिडला. "बाकीचे सगळे मोबाईलवर फोटो काढत होते."

निनिंगनं त्याला श्वास घेऊ दिला. येयेपच्या पायात रबरी चपला होत्या, अंगठ्याजवळ झिजलेल्या, आणि मागे त्याची बदकगाडी उभी होती. उलटी गाडी या माणसाच्या पायाला सरळच वाटली असती. याला ती फिरवायचं काही कारण नव्हतं.

"तू बघितलंस त्याला पडताना?"

"समोरच बघितलं. उतारावरून न्यूट्रलमध्ये आला, सगळेच येतात तसा. इंजिन बंद, पेट्रोल वाचतं. सपाटी लागली की गिअर टाकायचा, क्लच सोडायचा, इंजिन आपोआप सुरू होतं. रोजचंच आहे. त्यानं गिअर टाकला, क्लच सोडला आणि मागचं चाक किंचाळलं. बस."

"पायानं गिअर दाबला की उचलला?"

"दाबला. आम्ही सगळे दाबतोच ना."

निनिंग तिथंच बाकावर बसली. रस्त्यावरची काळी रेघ अजून दिसत होती. उतार जिथं संपतो नेमकी तिथून सुरू होऊन कडेपर्यंत गेलेली.

गाडी उलटी असताना न्यूट्रलमधून दाबलं की दुसरा पडायचा. एवढ्या वेगाला दुसरा बरोबर. तीन आठवडे त्यानं तेच केलं होतं. शुक्रवारी त्यानं तेच केलं आणि पायाखाली पहिला पडला. चाक जागच्या जागी थांबलं. एंगकुसनं काहीही चुकवलं नव्हतं. त्याच्या पायाखालचा गिअर कुणीतरी बदलला होता आणि त्याला सांगितलं नव्हतं.

पण घरापासून तिथपर्यंत त्यानं एकदाही गिअर टाकला नसेल? एकदाही?

५

एंगकुसचं घर चढाच्या अगदी माथ्यावर होतं. अंगणात शेजारणी संध्याकाळच्या भाताचे पुडे बांधत होत्या. निनिंगला बघून त्यांचे हात थांबले. एकीनं तोंड फिरवलं, दुसरी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "लाज तरी कशी वाटत नाही."

रुकोया मागच्या पडवीत बसली होती, मांडीवर आठ महिन्यांची मुलगी. वयानं निनिंगपेक्षा बारा वर्षांनी लहान.

"तेह, सही करायला आलात का?"

"विचारायला आले. नंतर म्हणालीस तर सही करेन. शुक्रवारी तो निघाला तेव्हा गाडी सुरू केली होती?"

"नाही." रुकोयानं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "ही रात्रभर रडून नुकतीच झोपली होती. उठेल म्हणून त्यांनी गाडी ढकलत फाटकापर्यंत नेली आणि तशीच उतारावर सोडली."

उत्तर मिळालं होतं. निनिंगला त्याचा आनंद झाला नाही.

"गुरुवारी दुपारनंतर गाडी घरीच होती?"

"नव्हती. संध्याकाळी मशिदीतून चालतच घरी आले. कुणालातरी एका रात्रीपुरती दिली म्हणाले. पहाटेच्या नमाजाआधी दारात उभी होती, टाकी काठोकाठ भरून. हे खूष झाले. म्हणाले, माणूस असा असावा, उसनी वस्तू भरून परत करणारा."

"कुणाला दिली होती?"

"मी विचारलंच नाही, तेह. इथं कोण कुणाला गाडी नाही म्हणतं? त्यांनी कधीच कुणाला नाही म्हटलं नाही." तिनं मुलीला जवळ ओढलं. "मी विचारायला पाहिजे होतं का?"

"नाही. सांगायला त्यानं पाहिजे होतं, ज्यानं नेली होती."

रुकोयानं मान वर केली. "म्हणजे काय?"

निनिंग उत्तर देणार तोच मशिदीतून अजान ऐकू आली. पुढच्या अंगणात माणसं जमायला लागली होती. सोबारींचा आवाज सगळ्यांच्या वर होता. ते चटया कुठं घालायच्या ते सांगत होते.

६

प्रार्थना सुरू झाली. पुरुष आत, बायका पडवीत, आणि पायातलं सगळं बाहेर पायरीजवळ. साठ-सत्तर जोड असतील. निनिंग आत गेली नाही. ती पायरीसमोर उकिडवी बसली आणि जोड बघत राहिली.

ती विचार करत होती ते असं. उलटी गाडी कुणाला सहन होणार नाही? बदकवाल्याला होईल. स्कूटरवाल्याला गिअरच माहीत नाहीत, तो उसनी घेणारच नाही. जो आयुष्यभर गिअर टोकानं वर उचलत आलाय, तोच चढावर फसेल, चिडेल, सीटखालचा पाना काढून दांडी उपटेल आणि आपल्या पायाला हवी तशी बसवेल. असा माणूस ओळखायचा कसा? गिअर दाबणाऱ्याच्या चपलेचा तळ झिजतो. उचलणाऱ्याचा बूट झिजतो वरून, आणि फक्त डावा.

रबरी चपला, रबरी चपला, प्लास्टिकच्या चपला, शाळेच्या शिपायाचे कॅनव्हासचे जोडे. मग काळ्या कातडी बुटांचा एक जोड, नीट शेजारी शेजारी ठेवलेला, आरशासारखा पॉलिश केलेला. उजवा नवाकोरा. डाव्याच्या अंगठ्यावर पॉलिशच्या खाली करड्या रंगाचा, घासून घासून खरखरीत झालेला पट्टा.

तिनं बूट हातात घेतला नाही. घ्यायची गरज नव्हती. सकाळी तिच्यासमोरूनच गेले होते ते.

पण पा सोबारींकडे सरकारची पाच गिअरची गाडी आहे, टाकी सरकारी खर्चानं भरलेली. स्वतःची असताना दुसऱ्याची कशाला मागितली? आणि बुटावरचा पट्टा म्हणजे काही पुरावा नव्हे. तातांग हसला असता. हजार लोकांच्या बुटावर असेल.

तिला खिशातला कागद आठवला. गॅरेज जाणार एवढं कळल्यावर तिनं तो पुढे वाचलाच नव्हता. पायरीवरच्या दिव्याखाली तिनं तो उघडला. पहिल्यापासून वाचला. तिसऱ्या ओळीवर थांबली. तारीख बघितली. पुन्हा तिसरी ओळ वाचली.

आत "आमीन" झालं. ती पायऱ्या चढून सरळ पुरुषांच्या खोलीत गेली.

"ए, ए, बाई!" कुणीतरी ओरडलं.

"सहीला आले," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर करायची ना? मग सगळ्यांसमोर वाचतेही." तातांग दाराशीच भाताचा पुडा घेऊन बसला होता. ती त्याच्याजवळ उभी राहिली. "पा तातांग, तुझ्या कागदात अपघाताचं कारण काय लिहिलंयस?"

"गिअर अडकला. एवढंच."

"गावात सगळे काय म्हणतात?"

"तेच."

"दांडी फिरवलेली आहे हे कुणाला कधी कळलं?"

"आज सकाळी. तुला, मला आणि तुझ्या भावाला. चौकीत."

"दुपारी मी हाजींना सांगितलं. ऐकून ते गार पडले. आता पा सोबारींनी टाइप केलेली तिसरी ओळ ऐका. 'कोसिम याने मालकास न सांगता गिअरची दांडी फिरवून गिअरचा क्रम बदलला, त्यामुळे मालकाकडून चुकीचा गिअर पडला.' खाली तारीख आहे. शुक्रवार." तिनं कागद खाली केला. "पा सोबारी, शुक्रवारी हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. ज्यानं फिरवली त्याला."

सगळ्या माना सोबारींकडं वळल्या.

"मी... अंदाजानं लिहिलं," सोबारी म्हणाले. "यंत्राचं मलाही थोडं कळतं."

"कळतं ना. म्हणूनच भीती होती तुम्हाला. आज ना उद्या कुणीतरी गाडी उघडेल आणि दांडी दिसेल. दिसेल तेव्हा ती कोसिमच्या नावावर सहीशिक्क्यानिशी लागलेली असावी, म्हणून लिहिलंत. खोटं लिहिलं असतंत तर वाचला असतात. तुम्ही खरं लिहिलंत आणि नाव बदललंत."

"मी एंगकुसची गाडी कशाला घेईन? मला कार्यालयाची गाडी आहे!"

"लाल पाटीची. ती ज्या दारात रात्रभर उभी राहिली तर जिल्ह्यापर्यंत बोभाटा होईल, अशा दारात जायला दुसऱ्याचीच गाडी लागते. कुणाचं दार ते मी विचारत नाही. ते तुमच्या बायकोनं विचारावं."

बायकांच्या पडवीतून एक बशी पडल्याचा आवाज आला. सोबारींची बायको उभी राहिली होती.

सोबारींचा चेहरा त्या आवाजानं कोसळला. "मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "चढावर दोनदा पडता पडता वाचलो. कुणा मूर्खानं उलटं बसवलंय असं वाटलं, दुरुस्त करून दिलं... पहाटे तो झोपला होता, किल्ली खिडकीत ठेवली. मी वाईट काहीच केलं नाही. चूक झाली. देवाची मर्जी."

आणि मग जे झालं ते बघून निनिंगच्या अंगाची लाही लाही झाली. त्याच खोलीतल्या, तीन दिवस कोसिमच्या नावानं थुंकणाऱ्या माणसांचे आवाज एकदम मऊ झाले. मुद्दाम थोडंच केलंय. घरातलं घरात मिटवू. पदावरचा माणूस आहे. हाजी ओदांग तर उठून पडवीच्या दाराशी गेला आणि हात जोडून म्हणाला, "बु रुकोया, मन मोठं कर. माफ कर त्यांना."

रुकोया मुलीला कडेवर घेऊन उंबऱ्यात आली. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली.

"गुरुवारची चूक मी माफ केली, पा सोबारी. ह्यांनीही केली असती. पण शुक्रवारी तुम्ही खांदा द्यायला आलात, ह्यांना मातीत ठेवलंत आणि घरी जाऊन तो कागद टाइप केलात. शनिवारी माझ्या अंगणात बसून चहा प्यालात. आज चटया घातल्यात. या तीन दिवसांची माफी माझ्याकडे नाही. ती त्या पोराकडे जाऊन मागा, मिळते का बघा."

कुणी मान वर केली नाही. येयेपनं तेवढी केली. तो उठला आणि सोबारी ज्या दारानं बाहेर पडले असते त्या दारात जाऊन उभा राहिला.

तातांगनं भाताचा पुडा बांधून बाजूला ठेवला. "चला, पा," तो म्हणाला. "बूट घाला."

७

चौकीत तातांगनं कोठडीचं कुलूप काढलं. "चल रे, झालं. घरी जा."

कोसिम बाहेर आला. निनिंगनं त्याला सगळं सांगितलं, तुटक तुटक. तो ऐकत राहिला, मग भिंतीला टेकून खाली बसला. "मी त्याला म्हणालो होतो, तेह. उलटे गिअर धोक्याचे, दुसरं कुणी चालवलं तर पडेल. त्याला हसू आलं. म्हणाला, माझी गाडी दुसरं कोण चालवणार." त्यानं तोंड झाकून घेतलं.

निनिंग त्याच्या शेजारी बसली. त्याला रडू दिलं. मग तातांगला म्हणाली, "याला तीन दिवस डांबलं होतं, ते कुठं लिहिलंय?"

तातांगनं नजर चुकवली. "तसं कागदोपत्री काही नाही. चौकशीला मदत करत होता, असं. उलट बरंच आहे ना, नावाला डाग नाही."

"डाग अख्ख्या गावानं बघितलाय. तो पुसलेला कुणी बघायचा? त्याला का धरलं, का सोडलं, गिअर कुणी फिरवला, सगळं लिही. शिक्का मार. एक प्रत मी गॅरेजच्या दारावर चिकटवणार आहे."

"तेह, उद्या सकाळी..."

"आत्ता."

"माझी ड्यूटी संपली."

"याची तीन दिवस संपली नव्हती." ती उठून बाकावर बसली, पान्यांची पेटी मांडीवर घेऊन. कोसिमला हाताला धरून शेजारी बसवलं. "आम्हाला घाई नाही."

तातांगनं दोघांकडं बघितलं. घड्याळाकडं बघितलं. आतल्या खोलीकडं बघितलं. तिथं सोबारी खुर्चीत बसून बायकोला फोन लावत होते आणि बायको उचलत नव्हती. मग त्यानं उसासा टाकला, कॉम्प्युटर सुरू केला आणि दोन बोटं कीबोर्डवर ठेवली.

"नाव?"

"कोसिम. वडील साहरी."

"गाव?"

"चिलुमूर."

"काम काय करतोस?"

कोसिमनं बहिणीकडं बघितलं. ती समोर भिंतीकडं बघत होती. हे उत्तर त्याचं त्यानंच द्यायचं होतं.

त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"गाड्या दुरुस्त करतो," तो म्हणाला. "लिहा. गाड्या दुरुस्त करतो."